झाशीच्या उन्हात ऑर्किड : कुंडीत काय भरावे?

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण



इतिहास, संगीत, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला ‘ऑर्किडच्या कुंडीत काय भरावे’ हा विषय बसवताना आपल्या कार्यवाहांना थोडा संकोच वाटला असणार. तो त्यांनी माझ्यासमोर दाखवला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. विषय लहान आहे खरा. परंतु आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या गच्चीवर किंवा ओसरीत आज ऑर्किडची एखादी तरी कुंडी टांगलेली आहे, आणि त्यांतील बहुतेक झाडे कोणी तरी मायेने दिलेली आहेत. कोणाला सावंतवाडीच्या भावजयीने आपल्या कुंडीतला फुटवा काढून दिला, कोणाला लेकीने पुण्याच्या प्रदर्शनातून आणून दिले. असे झाड झाशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात दगावते, तेव्हा काही शे रुपयांचे रोप गेले एवढेच दुःख नसते. ऑर्किड नीट राखले तर ते एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती जाऊ शकते. ते तीन वर्षांत जात असेल, तर कारण शोधले पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणे ते कारण बहुधा कुंडीत, मुळांच्या भोवती असते. आणि ते कोकणात किंवा पुण्यात असते त्याहून वेगळे असते. आज मला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे.

प्रथम या वनस्पतीची रीत समजून घेऊ. आपण ज्यांना हौसेने वाढवतो त्यांतील बहुतेक ऑर्किडे जमिनीत वाढत नाहीत. ती झाडांच्या फांद्यांवर किंवा कातळावर वाढतात. सह्याद्रीत त्यांना आमरी म्हणतात. ‘सीतेची वेणी’ हे नाव तर आपल्यापैकी प्रत्येक कोकणस्थाच्या ओठांवर असेल. फांदीवर वाढते म्हणून पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ आश्रयदात्याच्या देहात मुळे खुपसून त्याचा रस पिते. आमरी केवळ बसावयास जागा मागते. गंमत अशी की, या कुळातील एका प्रसिद्ध प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘वॅन्डा’ हे आपल्या संस्कृतातील ‘वन्दा’ या शब्दावरून आले, आणि वन्दा म्हणजे बांडगूळच. कलकत्त्याच्या सर विल्यम जोन्स यांनी हे नाव नोंदले व रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० साली ते वनस्पतिशास्त्रात रूढ केले. तेव्हा हा आळ आता पुसता यावयाचा नाही.

या झाडांच्या मुळांवर पांढुरक्या, स्पंजासारख्या मृत पेशींचे वेष्टन असते. पाऊस पडताच ते काही क्षणांत पाणी शोषून घेते व हिरवे दिसू लागते. वाळले की पुन्हा चंदेरी होते. याचा अर्थ असा की, या मुळांना पाणी हवे, पण त्याहून अधिक निकडीने हवा हवी. साध्या मातीत त्यांना पुरले की मातीचे बारीक कण पाण्याने भरून जातात, हवा संपते आणि मुळे गुदमरून कुजतात. म्हणून ऑर्किडची कुंडी मातीने न भरता जाडसर, फटी राखणाऱ्या कशाने तरी भरतात. त्याला शास्त्रीय भाषेत माध्यम म्हणतात. आपण घरगुती भाषेत ‘भर’ म्हणू. नारळाची सोडणे, पाइनच्या सालीचे तुकडे, स्फॅग्नम शेवाळ, लाकडी कोळसा, विटांचे तुकडे हे सगळे भरीचेच प्रकार आहेत.

आता ‘टिकाऊ भर’ म्हणजे काय? कोणतेही पुस्तक उघडा. तेथे भरीचे आयुष्य तिच्या कुजण्यावरून मोजलेले असते. शेवाळ एक-दोन वर्षे, साल दोन-तीन वर्षे, सोडणही जवळपास तितकेच. सेंद्रिय भर कुजली की तिचा भुगा होतो, फटी बुजतात आणि मग मातीत पुरल्यासारखीच स्थिती होते. हे सारे खरे आहे. परंतु ही पुस्तके दमट प्रदेशांत, किंवा जेथे काचघरात हवा हवी तशी राखता येते अशा ठिकाणी लिहिली गेली. अंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. झाशीला आठ-नऊशे, आणि तोही बहुतेक आषाढ ते भाद्रपद एवढ्या अवधीत. मे महिन्यात दुपारी येथील हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नित्याचे आहे. मे २०२४ मध्ये तर तो ४८ च्याही पुढे गेला. अशा हवेत भर कुजावयास वेळच मिळत नाही. ती वाळते. आणि वाळण्याबरोबर दुसरे एक संकट येते, ज्याचा उल्लेख पुस्तकात एखाद्या ओळीत उरकलेला असतो. ते संकट म्हणजे क्षार.

परक्या हवेचा सल्ला डोळे मिटून पाळल्यास काय होते, याचे एक उदाहरण ऑर्किडच्या इतिहासातच आहे. १८३० साली जॉन लिंडले या थोर इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. गडद सावली, प्रखर उष्णता आणि भरपूर दमटपणा हे तीन उपचार त्याने ऑर्किडांना सांगितले. उष्ण प्रदेशातील सखल जंगलांपुरते ते ठीकच होते. परंतु पुष्कळ ऑर्किडे थंड, वाऱ्याच्या डोंगरांवरून आलेली होती, आणि इंग्लंडातील बंदिस्त, वाफाळ काचघरांत ती वर्षानुवर्षे मरत राहिली. लिंडलेसारख्या विद्वानाचा सल्लाही पुढे बदलावा लागला. मग आपण इंटरनेटवर पाहिलेली थायलंडची किंवा केरळची रीत झाशीला तशीच्या तशी लावण्यापूर्वी दोनदा विचार करावयास काय हरकत आहे?

क्षारांचा हिशेब अगदी साधा आहे, आणि तो मी आपल्यापुढे मांडते. समजा, आपल्या बोअरच्या एक लिटर पाण्यात ६०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. ग्रॅनाइटच्या खडकातून आलेल्या पाण्यात एवढे असणे मुळीच नवलाचे नाही. एका कुंडीला आपण रोज २०० मिलिलिटर पाणी शिंपडतो. म्हणजे रोज १२० मिलिग्रॅम क्षार कुंडीत गेले. पाणी उडून जाते. क्षार उडत नाहीत. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत सुमारे शंभर दिवस धरले, तर १२ ग्रॅम झाले. म्हणजे दोन चमचे. एका वाटीएवढ्या मुळांभोवती आपण एका उन्हाळ्यात दोन चमचे खार पसरला! झाडाने त्यातले किंचित उचलले असेल, काही कुंडीतून खाली गेले असेल. पण काटकसरीने, जेमतेम भर ओली होईल इतकेच पाणी देणाऱ्याच्या कुंडीत बहुतेक सगळे आतच राहिले. मुळांची टोके काळी पडतात, पानांची टोके वाळतात; आपण समजतो की पाणी कमी पडले, आणि त्याच पाण्याचा आणखी एक शिडकावा देतो. जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागतो, तोच येथे मुळांना लागतो.

तेव्हा झाशीपुरती टिकाऊ भरीची व्याख्या अशी होते : जी पाणी धरून ठेवील, फटी मोकळ्या ठेवील, आणि जिच्यातून साचलेले क्षार पुन्हा धुऊन काढता येतील. न कुजणे ही या तिन्हींच्या मागची, चौथी गोष्ट.

नुसत्या न कुजण्यावर भिस्त ठेवली, तर आपल्या पायाखालीच सर्वांत टिकाऊ भर आहे. राजा वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांगरा टेकडीवर हा किल्ला बांधला, पुढे नारो शंकरांनी तो वाढवला. तो ज्या बुंदेलखंडी ग्रॅनाइटवर उभा आहे, त्याचे वय सुमारे अडीच अब्ज वर्षे आहे. याहून टिकाऊ काय मिळणार? गिट्टी म्हणून तो रस्त्याकडेला ढिगांनी मिळतो. पण ग्रॅनाइट पाणी पीत नाही. त्याच्या पृष्ठभागावर जो ओलावा चिकटेल तेवढाच. येथील लू त्याला घटकाभरात पुसून टाकते. नुसत्या गिट्टीत लावलेले डेन्ड्रोबियम मे महिन्यात दिवसातून चार वेळा पाणी मागेल. गिट्टीचे काम कुंडीच्या तळाशी, दोन बोटांच्या थराचे. आंधी आली की हलकी कुंडी कलंडते. तेव्हा तळाचे वजन उपयोगी पडते.

ग्रॅनाइटला जे साधत नाही, ते भाजलेल्या मातीला साधते. म्हणून माझा कौल विटेला आहे.

कोणती वीट, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. कारण वीट म्हणजे सगळी सारखीच, अशी आपली समजूत असते. भट्ट्यावरचा माणूस अव्वल, दोयम, पीला आणि झामा असे प्रकार सांगेल. पीला म्हणजे कमी भाजलेली; ती पाणी खूप पिते, पण दोन पावसाळ्यांत तिचा चिखल होतो व फटी बुजतात. झामा म्हणजे अति भाजून काचेसारखी झालेली, जिला आपण मराठीत खंगर वीट म्हणतो. येथील माणसाला हा शब्द ऐकवला तर त्याला गढकुंडारचे खंगार राजेच आठवतील, तो भाग निराळा. खंगर विटेची रंध्रे वितळून मिटलेली असतात. ती ग्रॅनाइटच्याच वाटेने जाते. आपल्याला हवी ती अव्वल : लाल, एकसारखी, आणि दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजणारी. शंका असेल तर घरी परीक्षा करता येते. कोरडी वीट वजन करावी, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी, बाहेर काढून पुसून पुन्हा वजन करावी. भारतीय मानक १०७७ प्रमाणे सर्वसाधारण विटेने आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये. ती मर्यादा बांधकामाची आहे. परंतु आपल्यालाही उपयोगाची आहे. तीन किलोची वीट साडेतीन किलोच्या आसपास भरली, तर ती ऑर्किडसाठी उत्तम समजावी. तीन किलो शंभर ग्रॅमच भरली तर ती खंगरकडे झुकलेली आहे, आणि तीन किलो सहाशेच्या वर गेली तर कच्ची.

पाडलेल्या घराच्या विटा फुकट मिळतात म्हणून घेऊ नयेत. त्यांना चुना किंवा सिमेंट चिकटलेले असते. त्याने पाणी अल्कधर्मी होते आणि मुळांना अन्नद्रव्ये घेता येईनाशी होतात. लोणा लागलेल्या भिंतीच्या विटा तर आपल्याबरोबर क्षार घेऊनच येतात. राखेच्या करड्या विटा आता बाजारात सर्वत्र दिसतात. त्यांतही चुना किंवा सिमेंट असते, म्हणून त्याही नकोत. चांगली नवी वीट फोडून तिचे सुपारीएवढे ते आवळ्याएवढे तुकडे करावेत. लहान रोपांना बोराएवढे पुरेत. चाळणीने भुगा काढून टाकावा, आणि तुकडे लाल पाणी यावयाचे थांबेपर्यंत धुवावेत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते टाळले तर तोच भुगा पहिल्या पावसात तळाशी जाऊन भोके बुजवतो.

विटेचा एक दुसरा गुण उन्हाळ्यात कळतो. तिच्यातून पाणी हळूहळू उडते आणि उडताना ती गार राहते. माठात पाणी गार होते ते ज्या न्यायाने, त्याच न्यायाने. त्याच कारणाने झाशीत कुंडीही मातीचीच, बाजूंना भोके असलेली असावी, असे माझे मत आहे. प्लास्टिकची कुंडी पाणी अधिक वेळ राखते हे मान्य. पण दुपारी ती तापली की आतली मुळे उकडतात.

आता कोळशाविषयी. ऑर्किड म्हटले की कोळसा, असे समीकरण आपल्याकडे इतके घट्ट झाले आहे की, त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे पाखंड ठरावे. लाकडी कोळसा कुजत नाही, हलका असतो, पावसाळ्यात भर आंबू देत नाही, हे त्याचे गुण मी नाकारत नाही. परंतु कठीण पाण्याच्या गावी त्याची कीर्ती त्याच्या कर्तबगारीहून मोठी आहे. त्याच्या सूक्ष्म रंध्रांत क्षार जाऊन बसतात, आणि विटेतून जितक्या सहज ते धुऊन निघतात तितके कोळशातून निघत नाहीत. म्हणून मी तीन भाग वीट आणि एक भाग कोळसा असे प्रमाण ठेवते, आणि तीन-चार वर्षांनी कोळसा बदलते. इस्तरीवाला वापरतो तो बाभळीचा कोळसा चालतो. दगडी कोळसा किंवा राख मिसळून थापलेल्या गोळ्या मुळीच चालत नाहीत.

बाकीच्या पदार्थांविषयी थोडक्यात. पाइनची साल एकदा पूर्ण वाळली की पाणी झिडकारते. वरून ओतलेले पाणी कडेने निघून जाते आणि आत कोरडेच राहते. आपल्या उन्हाळ्यात हे हमखास होते. वृक्षनेच्याचे तंतू उत्तम व दीर्घकाळ टिकणारे असतात, पण ते नेचे जंगलात फार सावकाश वाढतात, त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे, आणि केवळ आपल्या कुंडीसाठी त्यांची खोडे तोडली जावीत हे मला पटत नाही. भाजलेल्या चिकणमातीच्या हलक्या गोळ्या आता पिशव्यांतून मिळतात. त्या विटेच्याच नातलग आहेत, दिसावयास सुबक आहेत, आणि ज्यांना खर्च सोसतो त्यांनी त्या खुशाल वापराव्यात. परलाइट येथे आंधीत उडून शेजाऱ्यांच्या अंगणात जाते.

नारळाच्या सोडणाला मात्र मी पूर्ण निरोप देत नाही. त्याला मी हंगामी काम दिले आहे. मार्चअखेर, विटेच्या भरीवर सोडणाच्या तुकड्यांचा एक बोटभर थर घालावा. हे तुकडे आधी आठवडाभर पाणी बदलत भिजत ठेवावेत, म्हणजे त्यांतील कषायद्रव्ये व खार निघून जातो. हा थर ऊन झेलतो, खालच्या विटांचा ओलावा राखतो. उन्हाळ्यात दाराला वाळ्याचा पडदा लावतात, तसाच हा समजा. पहिला दमदार पाऊस झाला की पडदा उतरवतो, तसा हा थरही काढून टाकावा. पावसाळ्यात तो राहिला तर मुळांचे गळे सतत ओले राहून तेथे कूज धरते. झाशीत कुंडीला वर्षातून दोन विरुद्ध हवामाने सोसावी लागतात; म्हणून खालचा थर कायमचा आणि वरचा हंगामी, ही योजना मला सर्वांत सोयीची वाटते. फेकलेले सोडण खताच्या खड्ड्यात जाते.

मात्र भर कितीही चांगली निवडली तरी ती धुतली नाही तर ती टिकाऊ राहत नाही, आणि धुण्यासाठी चांगले पाणी हवे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. दहा चौरस मीटरच्या, म्हणजे एका खोलीएवढ्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लिटर पाणी होते. पंचवीस मिलिमीटरच्या चार सरींत हजार लिटरची टाकी भरते. पहिल्या सरीचे पाणी छपराची धूळ घेऊन येते, ते सोडून द्यावे. टाकी काळी व झाकलेली असावी, म्हणजे शेवाळ आणि डास होत नाहीत. वीस कुंड्यांना महिन्यातून दोनदा, दर कुंडीस एक लिटर असे धुवावयाचे, तर होळी ते आषाढ एवढ्या काळात दीडशे लिटरही लागत नाहीत. उरलेले पाणी रोजच्या शिंपणात नळाच्या पाण्याशी मिसळावे.

धुण्याची रीतही सांगते. प्रथम अर्धे पाणी सावकाश ओतावे आणि अर्धा तास थांबावे, म्हणजे वाळून बसलेले क्षार विरघळतात. मग उरलेले अर्धे एकदम ओतावे, म्हणजे ते वाहून जातात. एका दमात सगळे ओतले तर पाणी फटींतून निघून जाते आणि क्षार जागच्या जागी राहतात. पाण्यातील क्षार मोजण्याचे पेनाएवढे छोटे यंत्र आता अल्प किमतीत मिळते. कुंडीत ओतलेले पाणी आणि खाली पडलेले पाणी दोन्ही मोजावे. खालच्या पाण्याचा आकडा वरच्याच्या दुपटीहून अधिक आला तर धुणे पुन्हा करावे. आपल्या या पाण्याच्या दुर्भिक्ष असलेल्या प्रदेशात कुंडीतून पाणी वाहू देणे जिवावर येते, हे मी जाणते. खाली परात ठेवावी आणि ते पाणी पारिजातकाच्या किंवा कण्हेरीच्या आळ्यात टाकावे. मोठ्या जमिनीतील मोठ्या झाडाला तेवढे क्षार जाणवत नाहीत. कुंडी मात्र त्या परातीत बुडून राहता कामा नये, नाही तर धुतलेले क्षार विटा पुन्हा वर ओढून घेतील.

विटेच्या भरीत अन्न नसते, हा आक्षेप कोणी घेईल, आणि तो योग्यच आहे. वाढीच्या दिवसांत, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, दर आठवड्याला एका लिटरला अर्धा ग्रॅम या बेताने विरघळणारे संतुलित खत द्यावे. नत्र फार अधिक असलेले ३०-१०-१० प्रमाणाचे खत अनेक पुस्तकांत सांगितलेले आढळते. ते पाइनच्या सालीसाठी आहे. साल कुजताना जंतू नत्र खातात, त्याची भरपाई म्हणून. वीट नत्र खात नाही, म्हणून तिच्यासाठी २०-२०-२० पुरे. मे महिन्यात खत देऊच नये. त्या दिवसांत झाड वाढत नसते. ते केवळ तग धरून असते.

कुंडी बदलावयाची वेळ कोणती? बहुतेक पुस्तके वसंत ऋतू सांगतात. येथे मार्चमध्ये दुखावलेली मुळे भरावयाच्या आतच एप्रिलची झळ लागते. म्हणून झाशीत हे काम जुलैच्या आरंभी, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर आणि मुळांची टोके हिरवी दिसू लागल्यावर करावे. मुळे विटांना घट्ट चिकटलेली असतील तर ती ओरबाडू नयेत. विटांसकट झाड उचलून मोठ्या कुंडीत ठेवावे आणि भोवतीच्या फटी नव्या भरीने भराव्यात. माझ्याकडील काही कुंड्यांतील मूळच्या विटा सात वर्षांनंतरही झाडाबरोबर आहेत. मोकळ्या झालेल्या विटा टाकू नयेत. त्या घासून, पातळ सिरक्यात रात्रभर बुडवून चुन्याचा थर सोडवावा, मग धुऊन उकळाव्यात आणि जूनच्या उन्हात वाळवाव्यात. झाड रोगट असेल तर मात्र त्याच्या विटा दुसऱ्याला देऊ नयेत.

कोणती ऑर्किडे येथे लावावीत, हा निराळ्या भाषणाचा विषय आहे. पण भरीची निवड त्यापासून अगदी तोडता येत नाही. डेन्ड्रोबियमच्या बाजारी संकरित जाती आणि सीतेची वेणी वर सांगितलेल्या भरीत चांगल्या राहतात. पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावलीची जाळी मात्र हवी. आपल्या मध्य भारताच्या कोरड्या जंगलांत मूळचीच असलेली चौकटीदार पाकळ्यांची वॅन्डा, जिला काही ठिकाणी रास्ना म्हणतात, ती तर या हवेला सरावलेलीच आहे. वैद्य मंडळींनी रास्ना म्हणून प्रांतोप्रांती निरनिराळ्या वनस्पती धरल्या आहेत, तेव्हा नावावरून कोणी काढा करू नये. फॅलिनॉप्सिसची मुळे कोरडेपणा सोसत नाहीत. ती घरात, बोराएवढ्या विटांत थोडे शेवाळ मिसळून ठेवावी. सिम्बिडियमला फुलण्यासाठी डोंगरातील गार रात्री लागतात. ते येथे पाने देईल, फुले देणार नाही, आणि यात भरीचा काही दोष नाही.

ज्यांचे स्वतःचे अंगण आहे आणि बदलीची नोकरी संपलेली आहे, त्यांना मी याहून सोपा उपाय सांगते. आंब्याच्या खरबरीत सालीवर, उत्तर किंवा पूर्व बाजूस, वॅन्डा किंवा सीतेची वेणी काथ्याने बांधावी. पेरू आणि निलगिरी साल टाकतात, तेव्हा ती झाडे टाळावीत. जुलैत बांधले तर दिवाळीपर्यंत मुळे सालीला चिकटतात. पहिले दोन उन्हाळे सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते. पुढे झाड आपले आपण पाहते. ही भर कधी बदलावी लागत नाही. रेल्वेत, सैन्यात किंवा कारखान्यात असलेल्या आपल्या मंडळींना हे शक्य नसते, कारण पुढच्या बदलीला आंबा बरोबर नेता येत नाही. त्यांच्यासाठी कुंडीच बरी. आणि विटेचा हा एक फायदा की ती सामानात घ्यावी लागत नाही. झाड विटांतून सोडवून, ओल्या कापडात गुंडाळून न्यावे. नागपूर असो, जबलपूर असो की भटिंडा, तेथे पोचल्यावर अव्वल वीट मिळतेच. पाणी मात्र तेथील नव्याने मोजून घ्यावे.

एका काकूंनी मला सभेपूर्वी विचारले की, माहेरी गेल्यावर घाटातल्या झाडावरून एखादी सीतेची वेणी काढून आणली तर चालेल का. चालणार नाही, काकू. राखीव जंगलातून झाड काढणे हा गुन्हा आहे. आणि रानातून ओरबाडलेल्या झाडाची मुळे अर्धी सालीवरच राहतात. ते येथील पहिलाच उन्हाळा काढील असे मला वाटत नाही. रोपवाटिकेत वाढवलेले रोप घ्यावे, किंवा आपल्यातीलच कोणाकडे वाढलेल्या झाडाचा फुटवा मागावा. मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी, तीत कोणाकडे कोणते झाड आहे हे लिहावे, आणि जुलैत कुंड्या बदलण्याच्या सुमारास फुटव्यांची देवघेव करावी, अशी सूचना मी कार्यवाहांकडे केली आहे. सभागृहाच्या मागे विटा फोडण्यास जागा आहे. घण आणि चाळणी मी आणीन. गोणपाट ज्याचे त्याने आणावे, आणि तुकडे उडतात, तेव्हा चष्मा विसरू नये.